अंगणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक

आमदार म्हटले की सभा, भाषणे आणि निवडणुका डोळ्यांपुढे येतात. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) १९४६ ते १९५१ या काळात मुंबई प्रांताच्या विधानसभेच्या सदस्य होत्या. परंतु त्यांचे खरे कार्य सभागृहाबाहेर, मुलांच्या अंगणात घडले.

१९१४ साली पदवीधर झालेल्या ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरी पद्धती त्यांना पटली होती. पण तिची महागडी साधने खेड्यांना परवडणारी नव्हती. म्हणून १९४५ साली बोर्डी येथे काम सुरू केल्यावर शंख-शिंपले, खडे, पाने, बिया हीच शिक्षणाची साधने झाली.

तरीही गरिबांची मुले बालवाडीत येईनात. कुणाला धाकटे भावंड सांभाळायचे, कुणाला गुरे राखायची. तेव्हा ताराबाई व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बालवाडीच वस्तीतील अंगणात नेली. तीच अंगणवाडी! पुढे १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये हे कार्य वाढले. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली, तान्ह्यांसाठी पाळणाघर आले.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. तो पाहण्यास ताराबाई नव्हत्या.

मूल शाळेत येत नसेल, तर दोष मुलाचा की शाळेचा? उद्या शिक्षक होऊ पाहणाऱ्या आपण सर्वांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा.