प्रोब टेकवण्याआधी

चि. चिऊस,


शिक्षण संपवून तू भंडाऱ्यालाच रुजू होते आहेस याचा आनंद फोनवर सांगून झाला. पण तुझ्या पत्रातला प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता. नवजात कक्षात बाळाच्या खाटेशीच सोनोग्राफी करायला तू शिकलीस. आता त्यासाठी मशीन मागावं का, मागितलं तर वरिष्ठांना आगाऊपणा वाटेल का, असं विचारतेस. माझं म्हणणं आहे की जरूर माग, आग्रहाने माग. मात्र प्रोब बाळाच्या अंगावर टेकवण्याआधी आपल्याला नेमकं काय विचारायचं आहे, ते मनात पक्कं असू दे. ‘बघू या काय दिसतं ते’ म्हणून लावलेला प्रोब बाळाच्या फारसा कामाचा नसतो.

मशीन खाटेशी का हवं, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला पटवून द्यावं लागू नये. किलोभर वजनाचं बाळ वॉर्मरवरून उचलून, ऑक्सिजनची नळी सांभाळत सोनोग्राफीच्या खोलीपर्यंत नेलं, तर वाटेतच त्याचे हातपाय गार पडतात. लाखांदूर-पवनीकडून आलेलं बाळ तर आधीच एक प्रवास सोसून आलेलं असतं. पुढे नागपूर साठेक किलोमीटर. तिथे पाठवायचं की इथेच ठेवायचं, हा निर्णय रात्री दोन वाजता तुला घ्यावा लागेल, आणि त्या वेळी रेडिओलॉजिस्ट हाताशी असेलच असं नाही.

छातीचंच उदाहरण घे. नाकावाटे दाबाने हवा देणाऱ्या सीपॅपवर बरं चाललेलं बाळ अचानक निळं पडलं, सॅच्युरेशन घसरलं. फुप्फुसाभोवती हवा साठली का, हा तुझा प्रश्न. प्रोब छातीवर उभा धरलास की दोन बरगड्यांच्या काळ्या सावल्या दिसतात आणि त्यांच्या मधोमध एक पांढरी आडवी रेघ. फुप्फुस जागेवर असेल तर ती रेघ प्रत्येक श्वासागणिक चमचमत सरकते. हवा साठली असेल तर ती निश्चल. त्या जागी वरून खाली उतरणारी एक जरी झळाळती उभी रेघ दिसली, तरी तिथे हवा साठलेली नाही असं समज. हे सगळं मिनिटभरात कळतं, एक्स-रेची प्लेट येईपर्यंत थांबावं लागत नाही. पण इथेच सावध राहा. बाळ व्हेंटिलेटरवर असेल आणि श्वासनळीतली नळी उजवीकडे खोल गेली असेल, तरीही डावीकडची रेघ सरकत नाही. म्हणून हवा काढायची सुई हातात घेण्याआधी ओठापाशी नळीवरचा आकडा वाच, दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लाव. उलट बाळ अगदी हातातून चाललं असेल, छाती एका बाजूला फुगलेली असेल, ठोके मंदावत असतील, तर मशीन सुरू होण्याची वाट बघू नकोस. खोलीतला दिवा मालवून छातीला प्रखर प्रकाश लावून बघण्याची जुनी रीत आजही कामाची आहे, आणि तेवढाही वेळ नसेल तर सुई घाल.

डोक्याची गोष्ट वेगळी. तिथे बाळ बाहेरून काहीच सांगत नाही. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या पापिल आणि सहकाऱ्यांनी १,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या लागोपाठच्या ४६ बाळांच्या मेंदूचं सीटी स्कॅन केलं. २० बाळांच्या मेंदूत रक्तस्राव निघाला. रक्तस्राव होऊनही जी ९ बाळं जगली, त्यांतल्या ७ जणांमध्ये तपासताना त्याची काही खूणच दिसली नव्हती. चांगल्या डॉक्टरांचे डोळे आणि हात तिथे कमी पडले. पुढे टाळूवर प्रोब ठेवून तेच बघता येऊ लागलं आणि बाळाला सीटीच्या खोलीपर्यंत नेण्याची गरज उरली नाही. आपल्याकडे आजी ज्या टाळूवर तेल घालते, तीच ही खिडकी. बहुतेक रक्तस्राव पहिल्या तीन दिवसांत होतात. पण त्याच दिवसांत अपुऱ्या दिवसांच्या बाळाला कमीत कमी हात लावायचा असतो. म्हणून वेळ ठरवून, सिस्टरच्या बाकीच्या कामांबरोबरच स्कॅन उरकून घे. चित्र जतन कर आणि पहिली काही वर्षं तरी प्रत्येक डोकं रेडिओलॉजिस्टच्या नजरेखालून घाल. आईबापांना रक्तस्रावाची ‘ग्रेड’ सांगू नकोस. पुढे काय होऊ शकतं, कधी परत दाखवायला आणायचं आणि घरी कशावर लक्ष ठेवायचं, ते त्यांच्या भाषेत सांग.

हृदयाबाबत माझी भीती उलटी आहे. प्रोब लावला की अपुऱ्या दिवसांच्या पुष्कळ बाळांमध्ये डक्टस (जन्मानंतर मिटणारी हृदयाजवळची रक्तवाहिनी) उघडा दिसणारच. दिसला की औषध द्यावंसं वाटतं. त्यातले बरेच आपोआप मिटतात आणि औषधाचा त्रास मूत्रपिंडांना आणि आतड्यांना होऊ शकतो. लघवी होते का, दूध पचतं का, रक्तदाब कसा आहे, श्वासाचा आधार वाढवावा लागतो आहे का, हे आधी बघ. पडद्यावरच्या चित्रावर उपचार करू नकोस.

लहान वाटणाऱ्या गोष्टींकडेही लक्ष दे. गार जेल थेट छातीवर घातलं की बाळाचं तापमान उतरतं. जेलच्या बाटल्यांमधून बर्कहोल्डेरियासारखे जंतू पसरून अतिदक्षता विभागांत साथी आल्या आहेत. तेव्हा बाटली पुन्हा पुन्हा भरून वापरू देऊ नकोस, निर्जंतुक पाकिटंच माग. दोन बाळांच्या मध्ये प्रोब आणि वायर दोन्ही पुसायची, मग रात्रपाळी असो की दिवाळी.

कायद्याचं काम मात्र पहिल्याच दिवशी कर. मशीन फक्त नवजातांसाठी असलं तरी गर्भलिंग निदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली त्याची नोंदणी लागते, आणि नोंदणी केलेल्या जागेबाहेर ते मनाला येईल तसं नेता येत नाही. तुझ्या बरोबरीच्या काहींना ही कटकट वाटते. मला वाटत नाही. गर्भलिंग चाचणीविरुद्ध १९८८ साली देशात पहिला कायदा आपल्या राज्याने केला, १९९४ साली केंद्राचा आला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमागे मुलींचं प्रमाण राज्यात २००१ ला हजारी ९१३ होतं, ते २०११ ला ८९४ वर आलं. याच यंत्राने मुली पोटात मारल्या गेल्या आहेत. तेव्हा समुचित प्राधिकाऱ्यांकडे अर्ज, नोंदवही, प्रमाणपत्र हे सगळं स्वतः उभं राहून पूर्ण कर. कारकुनावर सोडू नकोस.

आता शेवटचं, आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचं. तू भंडाऱ्याच्या नवजात कक्षात काम करणार आहेस. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिथे आग लागली. १७ बाळांपैकी ७ वाचवता आली, १० गेली. काही भाजून, बरीचशी धुराने गुदमरून. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्या बाळांच्या बहुतेक आया भंडारा, मोहाडी, साकोली अशा आपल्याच तालुक्यांतल्या. वॉर्मर, फोटोथेरपी, पंप, मॉनिटर ही यंत्रं अहोरात्र चालतात आणि त्यांच्या भोवतीच्या हवेत ऑक्सिजन जास्त असतो. त्यात तू आणखी एक मशीन आणते आहेस. ते कोणत्या प्लगवर लागणार, त्या वायरिंगवर किती भार चालतो, हे विद्युत अभियंत्याला लेखी विचार. एक्स्टेंशन बोर्डावर ते एक दिवसही चालवू नकोस. बॅटरीवर चालणारं घेता आलं तर तेच घे. काम झालं की प्लग काढून ठेव. धूर झाला तर कोणतं बाळ कोणी उचलायचं आणि कोणत्या दाराने न्यायचं, याची तालीम सिस्टर आणि मावशींना घेऊन कर.

आणि त्याच मागणीपत्रात आणखी एक ओळ घाल. तू पडद्याकडे बघत असशील तेव्हा बाकीच्या बाळांकडे कोण बघेल? रात्रपाळीला किती बाळांमागे एक सिस्टर मिळेल, ते विचार आणि उत्तर लेखी घे. ते मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नकोस.

तुझा,
काका