सामुदायिक मत्स्यालय : रचना, माशांची निवड आणि जबाबदारी

शोभिवंत माशांचे पालन हा आज केवळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील छंद राहिलेला नाही. चेन्नईजवळील कोळत्तूर तसेच पश्चिम बंगालमधील हावडा परिसरात अनेक कुटुंबांचा चरितार्थ या व्यवसायावर चालतो. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसदारी शोभिवंत मत्स्यसंवर्धन केंद्रांचा समावेश करण्यात आला. त्यासाठी सर्वसाधारण लाभार्थ्यांना प्रकल्पखर्चाच्या 40 टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना 60 टक्के अर्थसाहाय्याची तरतूद झाली. तथापि, विकत नेलेले मासे पंधरवड्यात मेले तर ग्राहक पुन्हा फिरकत नाही. म्हणूनच मत्स्यालयाचे शास्त्र पालक व उत्पादक या दोघांनाही अवगत असणे आवश्यक आहे.

पाण्याची पूर्वतयारी

वेगवेगळ्या जातींचे, परंतु एकमेकांशी जुळवून घेणारे मासे एकत्र ठेवलेल्या टाकीस सामुदायिक मत्स्यालय म्हणतात. नवशिक्यांच्या टाकीतील बहुतेक मृत्यू रोगाने नव्हे, तर घाईने होतात. माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो व तो विषारी असतो. उपयुक्त जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू वाळू, दगड आणि प्रामुख्याने फिल्टरच्या स्पंजावर वाढतात. त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात फिल्टर अखंड चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकावे, मासे मात्र सोडू नयेत. अमोनिया व नायट्राइट यांची चाचणी शून्य दाखवू लागली म्हणजे टाकी तयार झाली.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन मासे व जीवाणू या दोहोंना घातक असतो. पाणी उघड्या भांड्यात चोवीस तास ठेवल्यास तो बराचसा निघून जातो. परंतु क्लोरामाइन वापरलेल्या पाण्यासाठी ते पुरेसे नसते. तेथे क्लोरीननाशक द्रावण योग्य प्रमाणात वापरावे.

सजावट

90 सेंटिमीटर लांब, 45 सेंटिमीटर रुंद व तितक्याच उंच टाकीची क्षमता सुमारे 182 लिटर होते. वाळू, दगड व वरची मोकळी जागा वजा जाता त्यात सुमारे 150 लिटर पाणी राहते. भरलेल्या टाकीचे वजन दोनशे किलोच्या पुढे जाते. म्हणून आधार भक्कम व समतल हवा. थेट उन्हाची जागा टाळावी, अन्यथा शेवाळ माजते.

तळाशी धुतलेली बारीक, गोल कणांची वाळू पसरावी. काळा कातळ पाण्यात सहसा विरघळत नाही. उलट संगमरवर, चुनखडी, शंखशिंपले पाण्याचा कठीणपणा वाढवतात. दगडावर व्हिनेगरचा थेंब टाकून फेस आल्यास तो वापरू नये. मुख्य दगड किंवा लाकडाचा ओंडका नेमका मध्यभागी न ठेवता एका बाजूस ठेवल्यास रचना नैसर्गिक वाटते. मागे व्हॅलिस्नेरियासारख्या उंच वनस्पती, मध्ये क्रिप्टोकोरीन आणि पुढे पोहण्यास मोकळी जागा असावी. वनस्पती केवळ शोभेच्या नसतात. त्या नायट्रेट शोषतात व बुजऱ्या माशांना आडोसा देतात.

माशांची निवड

लहान, सडपातळ माशांसाठी एका सेंटिमीटर लांबीला किमान एक लिटर पाणी, हा ढोबळ हिशेब धरला जातो. यात लांबी पूर्ण वाढ झालेल्या माशाची धरावी, दुकानातील पिल्लाची नव्हे. वरील टाकीत वरच्या थरासाठी गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील झेब्रा मासे 10 (प्रत्येकी 4 सेंटिमीटर), मध्यासाठी ईशान्य भारतातील हनी गुरामी 5 (प्रत्येकी 5 सेंटिमीटर) आणि तळासाठी दक्षिण अमेरिकी कुळातील कोरिडोरस 6 (प्रत्येकी 6 सेंटिमीटर) निवडता येतील. एकूण लांबी 101 सेंटिमीटर, म्हणजे मर्यादेच्या आत राहते. या तिघांनाही 23 ते 26 अंश सेल्सिअस तापमान मानवते. झेब्रा मासे उडी मारतात, म्हणून झाकण हवे. सर्व मासे एकदम न सोडता आठवड्याच्या अंतराने गटागटाने सोडावेत. गोल्डफिश किंवा ऑस्कर यांना हा हिशेब लागू पडत नाही. ते मोठे होतात व पाणी झपाट्याने घाण करतात.

दैनंदिन निगा

खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, अन्यथा जीवाणू नष्ट होतात. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत बॅटरीवर चालणारा हवापंप जवळ ठेवणे हिताचे ठरते.

छंद आणि नद्या

केरळ-कर्नाटकातील नद्यांत आढळणारा, ‘मिस केरळ’ या नावाने ओळखला जाणारा डेनिसन बार्ब 1990 च्या दशकापासून निर्यातबाजारात लोकप्रिय झाला आणि बेसुमार पकडीमुळे संकटग्रस्त ठरला. त्याचे बंदिस्त प्रजनन आता साध्य झाले आहे. म्हणून मासा देशी की विदेशी यापेक्षा तो संवर्धन केंद्रातील आहे की नदीतून ओरबाडलेला, हे ग्राहकाने विचारणे अधिक महत्त्वाचे आहे. दुसरा धोका याच्या उलट आहे. दक्षिण अमेरिकेतील सकर कॅटफिश टाक्यांतून सुटून पूर्व कोलकाता पाणथळीसारख्या जलाशयांत पसरला. त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात आणि स्थानिक मासे मागे पडतात. नकोसा झालेला मासा नदीत वा तळ्यात न सोडता दुकानदारास किंवा अन्य पालकास द्यावा.

परसातील टाक्यांवर संसार चालवणारी महिला उत्पादक आणि नदीवर जाळे टाकणारा मच्छीमार या दोघांचेही हित ग्राहकाच्या जाणतेपणाशी जोडलेले आहे. संयमाने उभारलेले घरगुती मत्स्यालय या दोघांनाही उपकारकच ठरेल.