विरघळलेलं मीठ परत खाली का बसतं? (समआयन परिणाम)



विरघळणे शिकवताना मी वर्षानुवर्षे सांगायचे, "पाण्यातली जागा भरली, म्हणून आता मीठ विरघळत नाही." सोपं वाटतं, पण चूक आहे. त्याच पाण्यात चमचाभर साखर टाकून ढवळा, ती विरघळते! मग जागा भरली कुठे?

100 मिली पाण्यात साधारण 36 ग्रॅम मीठ विरघळते. पुढचं तळाशी राहतं, पण ते स्वस्थ नसतं. जेवढे सोडियम व क्लोराइड आयन सुटून पाण्यात जातात, तेवढेच परत येऊन स्फटिकाला चिकटतात. आता हे संपृक्त द्रावण गाळून त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं (हे हायस्कूलच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांनीच. घरी अजिबात नको!) तर क्लोराइड वाढतात, सोडियमला जोडीदार जास्त भेटतात आणि पांढरं मीठ खाली बसतं. मीठ आणि आम्ल, दोन्हींत क्लोराइड सामाईक, म्हणून समआयन परिणाम.

कमी विरघळणाऱ्या क्षारात तर फरक प्रचंड. पोटाच्या एक्स-रेआधी बेरियम सल्फेट पाजतात. बेरियम आयन विषारी, पण हा क्षार लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळतो. 0.1 मोलर सोडियम सल्फेटच्या द्रावणात, हिशेबाने, त्याच्याही सुमारे दहा हजारपट कमी. म्हणूनच विरघळणारा बेरियम क्षार चुकून पोटात गेला, तर डॉक्टर सल्फेट देतात.

चौथीच्या मुलांना आयन सांगायची गरज नाही. मी आता एवढंच म्हणते, "मीठ जातंय आणि येतंय, सारखंच." साखरेचा चमचा मात्र मुलांच्याच हातात देते.