पंगतीपासून सुरुवात करा

१. वारकऱ्यांशी पर्यावरणाचं बोलायचं, तर आधी पेरणीचं बोला. आमच्या करमाळा तालुक्यातल्या केमकडचा वारकरी मृगाचा पाऊस झाला की पेरणी उरकून पंढरीची वाट धरतो. २०२३ साली आषाढी २९ जूनला होती आणि पाऊस जूनच्या अखेरीपर्यंत रुसलेला. रानं कोरडी ठेवूनच माणसं चालली. २०२५ ला उलटी तऱ्हा. मान्सून मे महिन्यातच दाखल झाला आणि सप्टेंबरात सीनेच्या पुराने करमाळा-माढ्यातली उभी पिकं नेली. हवा बदलतेय हे टाळकऱ्याला वेगळं पटवावं लागत नाही.

२. सांगणारा माणूस दिंडीतला हवा. आरतीच्या वेळी चोपदाराने दंड वर केला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ही शिस्त कुठल्याही फलकाने येत नाही. निर्मल वारीची फिरती शौचालयं आली, प्रदूषण नियंत्रण मंडळाची 'पर्यावरणाची वारी, पंढरीच्या दारी' आली, दोन्ही मोलाची. पण दिंडीप्रमुखाने 'आपल्या दिंडीत प्लॅस्टिकचा ग्लास नको' म्हटलं, की तो नेम होतो. तुळशीच्या माळेसारखा पाळला जातो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये पृथ्वीच्या रक्षणासाठी पत्र लिहिलं, तेव्हा जगभरच्या चर्चमधली माणसं कामाला लागली, तीही आपल्याच गुरूचा शब्द म्हणून.

३. पंगत हातात घ्या. खरं काम इथेच आहे. हरिनाम सप्ताहाच्या काल्याला गाव जेवतं आणि दुपारी मंडपामागे थर्माकोलच्या ताटल्यांचा ढीग पडतो. आमटीने माखलेल्या, वाऱ्याने ओढ्यात जाणाऱ्या. थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी पंगतीला चालतंच. पूर्वी लोक घरूनच ताट-तांब्या घेऊन यायचे. तेच पुन्हा सांगावं. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी सप्ताह कमिटीने स्टीलची ताटं घ्यावीत, धुण्याची पाळी लावावी. वाढप्यांइतकाच मान ताटं धुणाऱ्यांना द्यावा, मग तरुण पोरं आपणहून पुढे येतात.

४. झाड लावणाऱ्यापेक्षा पाणी घालणारा शोधा. आपल्या भागात चैत्र-वैशाख काढला तरच रोप जगतं. एकेका घराकडे एकेक रोप सोपवा.

५. केमचं कुंकू पंढरपूर-तुळजापूरला जातं, म्हणजे आपल्या गावाची वस्तू देवाच्या पायाशी पोचते. कारखानदारांनो, निदान देवस्थानांसाठीचं कुंकू तरी प्लॅस्टिकऐवजी कागदी पुडीत बांधा. आणि सप्ताह कमिट्यांनो, यंदाच्या पत्रिकेतच छापा: येताना ताट-तांब्या आणावा.