पर्सोनानंतर काय खेळू?

प्रश्न : फायनल फँटसी, पर्सोना खेळून झाले. फारसा चर्चेत नसलेला जपानी आरपीजी सुचवाल?

उत्तर : ‘लाइव्ह अ लाइव्ह’ घ्याच. ताकाशी तोकिता यांनी दिग्दर्शित केलेला हा गेम १९९४ मध्ये जपानात सुपर फॅमिकॉमवर आला. अधिकृत इंग्रजी आवृत्तीला मात्र २०२२ उजाडलं. अश्मयुगापासून दूरच्या भविष्यापर्यंत सात काळ, सात नायक. सुरुवात कुठूनही करा. अश्मयुगात जवळपास शब्दच नाहीत, सगळं हावभावांवर चालतं. निन्जाच्या प्रकरणात वाड्यातल्या सगळ्यांना मारता येतं किंवा एकाही माणसाला न मारता पार होता येतं. दुसरी वाट फार कठीण, पण मला तीच आवडते. योको शिमोमुरा यांच्या संगीतासाठी हेडफोन हवेतच. सातही प्रकरणं संपली की आठवं उघडतं. त्याबद्दल आधी काहीही वाचू नका.