पहिलीच्या उंबरठ्यावर : मुलांची तयारी आणि आपली तयारी

आम्ही बँकेत नोकरी करतो. काउंटरवर बसून लोकांचे फॉर्म तपासणे हे आमचे रोजचे काम. ज्येष्ठ नागरिकांचे फॉर्म पाहताना एक गोष्ट वारंवार नजरेस पडते. कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून असते. आमच्या वडिलांचीही तीच. आजी सांगत असे की त्यांचा जन्म श्रावणातला, बाहेर पावसाची झड लागली होती. पण शाळेच्या रजिस्टरमध्ये गुरुजींनी १ जून लिहिले आणि वडील त्या हिशेबाने ३१ मे रोजी सेवानिवृत्त झाले. आजीच्या श्रावणाला कागदावर जागा मिळाली नाही.

त्या काळी शाळाप्रवेशाची रीत साधी होती. मुलाने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरला की मूल सहा वर्षांचे झाले असे धरायचे आणि पटावर नाव घालायचे. मुलाची तयारी काय, पालकांची तयारी काय, हा प्रश्नच कुणाच्या मनात येत नसे. शाळेत पाऊल पडले हेच मोठे होते. आज काळ बदलला आहे. वस्तीतले प्रत्येक मूल शाळेत जाते. परंतु पहिलीच्या वर्गात बसलेले मूल तिथे रमते का, शिकते का, की पहिल्याच वर्षी मागे पडून पुढे कायमचे मागे राहते, याचा विचार आपण किती करतो? प्रस्तुत लेखात त्याविषयी काही अनुभवाच्या गोष्टी मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

हा अधिकार सहज मिळालेला नाही

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात केली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा एक रुपया म्हणजे गरिबाला चटका बसेल अशी रक्कम होती. महाराजांनी जबाबदारी पालकांवर टाकली होती, हे आपण ध्यानात घ्यावे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरमध्ये 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव नोंदले गेले. राज्यात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. या मुलाला वर्गात बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि संध्याकाळी ते परत आणावे लागे. ज्या आईबापांनी मुलांच्या दप्तराबरोबर गोणपाटही बांधून दिले, त्यांची ती शाळेची तयारी होती. आपल्या मुलांना आज गोणपाट न्यावे लागत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तेव्हा आपली तयारी त्या पिढीपेक्षा कमी पडता कामा नये.

आमची स्वतःची चूक

येथे आमची चूक सांगणे योग्य होईल. आमचा मुलगा पहिलीत जाणार म्हणून आम्ही वर्षभर त्याच्यामागे लागलो होतो. शंभरपर्यंत आकडे, दोनपासून पाचपर्यंत पाढे, मुळाक्षरे, इंग्रजी अक्षरे, सारे पाठ करून घेतले. पाहुणे आले की त्याला उभे करून म्हणायला लावत असू. शाळा सुरू झाली आणि चिरंजीव आठ दिवस रडत घरी आले. बाईंनी बोलावून घेतले तेव्हा कळले की त्याला डब्याचे झाकण उघडता येत नव्हते, म्हणून तो उपाशी राहत होता. लघवीला जायचे आहे हे बाईंना कसे सांगावे, हेही त्याला ठाऊक नव्हते. पाढे येत होते, पण तोंड उघडून दोन शब्द मागता येत नव्हते.

बाई रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "पाढे आम्ही शिकवू. तुम्ही त्याला बोलायला आणि स्वतःचे काम स्वतः करायला शिकवा." पुढचे दोन महिने आमच्या आईने, जिला सही करण्यापुरतीच अक्षरे येतात, त्याला गोष्टी सांगितल्या, शेंगा निवडायला बसवले, डबा उघडायला आणि बटणे लावायला शिकवले. पोरगा सुधारला. आम्ही पदवीधर असून जे केले नाही ते तिने केले.

मुलाची तयारी म्हणजे काय?

पहिली तयारी बोलण्याची. मूल जितके ऐकते आणि बोलते तितके पुढे त्याला वाचता येते. बाजारातून येताना काय काय पाहिले ते विचारावे. गोष्ट अर्धी सांगून "पुढे काय झाले असेल?" असे विचारावे. बडबडगीते म्हणावीत, त्यातून सारख्या उच्चाराचे शब्द कानाला कळतात आणि अक्षरओळखीला मदत होते. घरची बोली वऱ्हाडी असो, अहिराणी असो की मालवणी, तिला हसू नये. आपल्या बोलीत मोकळे बोलणारे मूल पुस्तकाची भाषा लवकर उचलते. गप्प केलेले मूल दोन्ही भाषांत मुके होते.

दुसरी तयारी हाताची. पेन्सिल धरायला बोटांत बळ लागते. कणकेचा गोळा मळणे, मणी ओवणे, कागद फाडणे व घडी घालणे, चिमटीने डाळ-तांदूळ वेगळे करणे, अंगणात खडूने रेघा ओढणे, ही सारी लेखनाचीच पूर्वतयारी होय. मूल डावखुरे असेल तर त्याला उजव्या हाताने लिहिण्याची सक्ती करू नये.

तिसरी तयारी मोजण्याची. पाठ केलेले शंभर आकडे आणि समजलेले पाच आकडे यांत समजलेले पाच मोलाचे. जेवायला किती माणसे आहेत, मग ताटल्या किती लागतील? कुणाच्या वाटीत जास्त लाडू आहेत? कोणती काठी लांब, कोणती आखूड? असे प्रश्न स्वयंपाकघरात सहज विचारता येतात.

चौथी तयारी स्वतःच्या कामांची आणि दुराव्याची. डबा व पाण्याची बाटली उघडणे, शौचास जाऊन हात धुणे, चप्पल घालणे, आपले पूर्ण नाव व आईवडिलांचे नाव सांगणे, एवढे यायला हवे. आईला सोडून दोन-तीन तास दुसऱ्या मुलांत बसण्याची सवयही आधी लागावी. येथे अंगणवाडीचे महत्त्व आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. त्याआधी, १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गरीब व आदिवासी मुलांसाठी बालवाड्या उभ्या केल्या. शिंपले, बिया, पाने, दगड अशा आजूबाजूच्या वस्तूंतून शिकवता येते, महाग साहित्य लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. अंगणवाडी केवळ खाऊ मिळण्याचे ठिकाण नव्हे, ते शाळेचे पहिले पायठण आहे.

पालकांची तयारी

"थांब, शाळेत गेलास की बाई बघतील तुला," हे वाक्य घरोघरी ऐकू येते. ज्या जागेची आपण भीती घालतो तिथे मूल आनंदाने कसे जाईल? मारणे व मानसिक त्रास देणे शाळेत कायद्यानेच बंद आहे. ते घरातही बंद व्हावे. शाळा सुरू होण्याआधी एक-दोनदा मुलाला शाळेपर्यंत फिरायला न्यावे, नळ कुठे, स्वच्छतागृह कुठे हे दाखवावे. रात्री लवकर झोपण्याची सवय महिनाभर आधी लावावी. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये.

आमच्या काउंटरवर अंगठा उठवणाऱ्या बायाबापड्या येतात. बोलता बोलता म्हणतात, "साहेब, आम्ही अडाणी, पोराचा अभ्यास काय घेणार?" त्यांना आम्ही आमच्या आईची गोष्ट सांगतो. ज्या आईला गोष्ट सांगता येते, धान्य निवडता येते, हिशेब ठेवता येतो, तिच्याजवळ पहिलीच्या मुलाला लागणारे सारे आहे. रोज संध्याकाळी अर्धा तास दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद करून मुलाजवळ बसावे आणि "आज काय केलेस?" असे विचारावे. मुलाने वही दाखवली तर वाचता येत नसले तरी ती हातात घेऊन पाहावी. आपल्या कामाची घरात किंमत आहे हे मुलाला तेवढ्यावरून कळते.

राज्यात २०२२ पासून 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान चालू झाले. त्यात शाळेत मेळावा भरतो, मूल खेळता खेळता काय करू शकते ते पाहतात आणि मातांचे गट करून घरी करायच्या कृती सांगतात. असा मेळावा असेल त्या दिवशी आईने अथवा वडिलांनी खाडा करूनही जावे.

कागदपत्रे आणि आरोग्य

आता थोडे आमच्या व्यवसायाचे. प्रवेशाच्या दिवशी जनरल रजिस्टरमध्ये जी नोंद होते तीच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येते आणि जन्मभर सोबत राहते. नंतर ती दुरुस्त करायला शिक्षण खात्याचे उंबरे झिजवावे लागतात. आमच्याकडे शिष्यवृत्तीचे खाते उघडायला मुले येतात तेव्हा जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे आणि शाळेत तिसरे, असे अनेकदा दिसते. एका वेलांटीपायी गरिबाच्या हेलपाट्यांत मजुरी बुडते.

म्हणून पुढील गोष्टी आधीच पाहाव्यात. जन्मदाखल्यावर बाळाचे नाव घातलेले आहे का? मुलाचे, वडिलांचे, आईचे नाव व आडनाव सर्व कागदांवर सारखे आहे का? फॉर्ममध्ये धर्म आणि जात हे दोन रकाने वेगळे असतात, ते घाईने भरू नयेत. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या कायद्याने लागू झाल्या. पुढे जातीचे प्रमाणपत्र काढताना शाळेची नोंद पाहतात आणि कुटुंबाचे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावेही मागतात. तेव्हा वडिलांचा शाळेचा दाखला व जातीचे प्रमाणपत्र समोर ठेवून, जाणकारास विचारूनच ही नोंद करावी.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशास जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे. मात्र वयाचा दाखला नाही एवढ्या कारणाने प्राथमिक प्रवेश नाकारू नये, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. प्रवेशासाठी मुलाची अथवा पालकांची परीक्षा घेणे आणि देणगी मागणे यांनाही तो मनाई करतो. याच कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी ठेवल्या आहेत. त्याचे अर्ज ऑनलाईन भरावे लागतात आणि वेळापत्रक दर वर्षी बदलते, म्हणून डिसेंबरपासूनच चौकशी करावी. तेथे नंबर लागला नाही तर निराश होऊ नये. जवळच्या सरकारी शाळेत पाठ्यपुस्तके व पोषण आहार मोफत आहेत. तेथील शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. ती जागा आपणच रिकामी सोडली तर शाळेला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

आरोग्याकडेही लक्ष द्यावे. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान डीपीटीचा दुसरा बूस्टर डोस असतो. डोळे व कान तपासून घ्यावेत. फळा न दिसणाऱ्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलाला आपण 'ढ' म्हणून मोकळे होतो. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी विनामूल्य होते.

संस्थेने आणि विद्यार्थ्यांनी काय करावे?

आपल्या संस्थेचे सभागृह मे महिन्यात दुपारी रिकामे असते. तेथे पहिलीत जाणाऱ्या मुलांना रोज दोन तास एकत्र आणावे, अशी आमची नम्र सूचना आहे. खर्च फारसा नाही. खडू, जुनी वर्तमानपत्रे, मणी, चिंचोके आणि गोष्ट सांगणाऱ्या दोन आज्या एवढे पुरे. त्यातल्या एका रविवारी पालकांनी कागदपत्रे घेऊन यावे. आमच्यासारखे कारकुनी करणारे सभासद नावे व तारखा ताडून पाहतील, त्यात आम्हांला आनंदच आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने वस्तीतले एक मूल वर्षभर आपले मानावे. आठवड्यातून एकदा त्याच्या घरी जाऊन बसावे, त्याची वही पाहावी, आईशी दोन शब्द बोलावेत. मोठी भाषणे करण्यापेक्षा हे काम कठीण आहे, कारण ते दर आठवड्याला करावे लागते.

आमच्या वडिलांना खरी जन्मतारीख मिळाली नाही, पण शाळा मिळाली, म्हणून आम्ही आज खुर्चीवर बसून हा लेख लिहू शकतो. येत्या जूनमध्ये आपल्या वस्तीतून जी मुले पहिलीत जातील, त्यांच्या नावात चूक नसावी, डोळ्यांत भीती नसावी आणि डब्याचे झाकण त्यांना स्वतः उघडता यावे. एवढी तयारी आपण सर्वांनी मिळून करावी, ही विनंती.