चिरुटाच्या कारखान्यातील वाचक



"आम्हाला अक्षर येत नाही, आम्ही ग्रंथ काय वाचणार?" असे आपल्या वस्तीतील वडीलधारी माणसे म्हणतात. त्यांना हवानाच्या चिरूट वळणाऱ्या कामगारांची हकीकत जरूर सांगा. हवाना ही क्यूबा बेटाची राजधानी. तेथे त्या काळी स्पेनचे राज्य होते आणि गुलामगिरी कायद्याने चालू होती. ती १८८६ साली संपली.

अशा त्या शहरात डिसेंबर १८६५ मध्ये 'एल फिगारो' कारखान्यात एक प्रथा सुरू झाली. कामगार रांगेने बसून तंबाखूची पाने वळीत आणि एक जण त्यांना मोठ्याने वाचून दाखवी. सातुर्निनो मार्तिनेस या चिरूट कामगाराने त्याच वर्षी 'ला आउरोरा' हे पत्र काढले होते. त्यातून त्याने या प्रथेचा पुरस्कार केला. काम हाताचे, यंत्राचा खडखडाट नाही, म्हणून आवाज सर्वांपर्यंत पोचे. आपल्या गिरण्यांच्या साचाखात्यात हे कुठून जमणार!

वाचकाचा पगार मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढीत, म्हणून काय वाचायचे तेही तेच ठरवीत. वर्तमानपत्रे वाचली जात, ह्यूगो व झोला यांच्या कादंबऱ्याही वाचल्या जात. वाचन आवडले की पाने कापायचे पाते फळीवर आपटून दाद देत. ज्यांना अक्षरओळख नव्हती, तेही त्या दाद देणाऱ्यांत असत. तुमच्या घरी शाळेत जाणारे मूल असेल तर आई भाकरी थापीत असताना त्याला चार पाने मोठ्याने वाचायला सांगा. पुस्तक कोणते, हे ठरविताना आईचेही मत घ्या.

सरकारला हे सोसले नाही. १८६६ च्या मे महिन्यात हुकूम काढून कारखान्यांतील वाचन बंद करण्यात आले. कारण काय, तर कामगारांचे कामावरचे लक्ष उडते! खरी भीती कशाची होती हे आपणांस सांगायला नको. पुढे १८८० नंतर वाचन पुन्हा सुरू झाले. अमेरिकेतील टँपा शहरात गेलेल्या क्यूबन कामगारांनीही ते चालविले. तेथील मालकांनी १९३१ साली वाचकांना काढून टाकले. क्यूबात ते आजही चालू आहे.

आपल्या देशातही केरळात कण्णूरकडे विडी कामगारांत अशीच रीत होती. एक जण वर्तमानपत्र वाची, आणि त्याची मजुरी बुडू नये म्हणून बाकीचे त्याच्या वाट्याच्या विड्या वळून देत.